पिशवी कोण भरतो?

संध्याकाळी साडेसातला कोथरूडमधल्या कुठल्याही किराणा दुकानात काउंटरवर जी पिशवी भरली जाते, ती एकदा नीट बघावी. अर्धा किलो रवा, पन्नास ग्रॅम जिरं, टूथपेस्ट, लडीतून तोडलेल्या शाम्पूच्या दोन पुड्या, अर्धा लिटर दूध, फिनेलची बाटली, उदबत्तीचा पुडा, एक नारळ आणि निघता निघता, "हो, तेवढा गोडा मसाला टाका, शंभर ग्रॅमचा." नऊ वस्तू. रवा आणि जिरं मार्केट यार्डातल्या भुसार विभागातून पोत्यानं आलेलं, नारळ दक्षिणेतला, दूध पहाटेच्या क्रेटमधलं आणि उरलेल्या पाच वस्तू पाच निरनिराळ्या कारखान्यांतल्या. बिल सव्वाचारशेच्या आसपास, वेळ चार मिनिटं.

मसाला बनवणाऱ्याचं लक्ष या पिशवीकडे नसतं. ते असतं स्वतःच्या पाकिटाकडे. त्यावर छापलेल्या किमतीतले पंचवीस-तीस रुपये मधल्या मधे जातात, हे त्याला झोंबत असतं. मग नवा उद्योजक हमखास एकाच वाटेनं जातो: वितरक नको, दुकानदार नको, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊ, घरपोच देऊ, वाचलेल्या पैशांतून गिऱ्हाईकालाही चार रुपये स्वस्त देऊ. कागदावर हे फार छान दिसतं. फसतं कुठे, ते आकडे मांडूनच बघू.

शंभर ग्रॅमच्या पाकिटाची एमआरपी १०५ रुपये धरू. मसाल्यावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे कर सोडून शंभर, हिशेबाला सोपं. नव्या ब्रँडला दुकानदार वीस टक्क्यांच्या खाली उभं करत नाही. हे वीस टक्के त्याच्या खरेदीवर धरले तर पाकीट त्याला ८७ रुपये ५० पैशांना पडायला हवं. वितरकाचे आठ टक्के काढले की वितरकाची खरेदी ८१ रुपये २ पैसे. त्यातला कर वजा केला की कारखान्याच्या हाती ७७ रुपये १६ पैसे. पहिल्या ऑर्डरला "बारावर एक फ्री" द्यावंच लागतं, म्हणजे तेरा पाकिटं जातात आणि पैसे बाराचे येतात. उरले ७१ रुपये २२ पैसे. धणे, खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, दळण, पाउच, मजुरी सगळं मिळून पाकीट ५२ रुपयांना पडत असेल, तर हाती एकोणीस राहतात. (इथे एक खोच आहे. "वीस टक्के" म्हणजे खरेदीवर की एमआरपीवर, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यायचं. एमआरपीवर वीस टक्के म्हणजे २१ रुपये, खरेदीवर वीस म्हणजे साडेसतरा. पाकिटामागे साडेतीन रुपयांचा फरक आणि बोलण्यात दोन्ही "वीसच". गैरसमजाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.)

आता तेच एक पाकीट थेट पाठवू. शहरातल्या शहरात कुरिअरचे पन्नास रुपये धरू, कारण कुरिअरचा सगळ्यात लहान टप्पा बहुधा अर्ध्या किलोचा असतो आणि शंभर ग्रॅमलाही तेवढेच पैसे पडतात. खोका आणि टेप आठ रुपये, ऑनलाइन पैसे घेण्याचे अडीच. शंभरातले साडेएकोणचाळीस उरले आणि मालच बावन्नचा. मधला माणूस काढला आणि पाकिटामागे साडेबारा रुपये तोटा पदरात घेतला.

सहा पाकिटं एकदम मागवली तर चित्र पालटतं. करापूर्वी ६०० रुपये. एक किलोच्या टप्प्याचं कुरिअर ७५, खोका १५, पैसे घेण्याचे १५. उरतात ४९५, म्हणजे पाकिटामागे साडेब्याऐंशी. दुकानाच्या वाटेनं मिळणाऱ्या एकाहत्तरपेक्षा हे चांगलंच. पण सहा पाकिटं एकदम मागवणारं गिऱ्हाईक आपणहून दारात येत नाही. मोबाइलवरच्या जाहिरातीतून ते आणायला दोनशे रुपये पडले, तर पाकिटामागे एकोणपन्नास राहतात आणि पहिल्या ऑर्डरला तोटाच होतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच घर मागवेल तेव्हा कुठे जमेल. आणि शंभर ग्रॅम गोडा मसाला चौघांच्या घरात महिना-दीड महिना पुरतो. सहा पाकिटं घेतलेलं घर परत कधी येणार, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

म्हणजे सगळा खेळ फेरीच्या खर्चाचा आहे. कुरिअरवाला एका पाकिटासाठी जिना चढतो तेव्हा त्या फेरीचा सगळा भार त्या एकट्या पाकिटावर पडतो. वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी येतं आणि त्या येण्याचा खर्च नऊ वस्तूंत वाटला जातो. ते मसाल्यासाठी आलेलंच नसतं. दुधासाठी आलेलं असतं. म्हणून दुकानदार फार थोडे पैसे सुटणारं दूधसुद्धा ठेवतो. दूध रोज माणूस आणतं, आणि आलेला माणूस पिशवीत आणखी काहीतरी टाकतो.

ऐंशी फ्लॅटची एक सोसायटी घ्या. प्रत्येक घरात महिन्याला वीस कंपन्यांच्या वस्तू लागतात. प्रत्येक कंपनीनं महिन्यातून एकदाच थेट दिलं, तरी सोळाशे खेपा होतात. गेटवर सोळाशे नोंदी, लिफ्टच्या सोळाशे फेऱ्या, "घरी कोणी नाही, वॉचमनकडे ठेवा"चे निदान दोन-तीनशे फोन. कोपऱ्यावरचं दुकान मधे धरलं, तर वीस कंपन्यांचा माल वीस वेळा दुकानाशी उतरतो आणि ऐंशी पिशव्या घरी जातात. शंभर खेपा. सोळाशे आणि शंभर यांतला हा फरक कोणीतरी सोसतच असतो. दुकानदाराचे वीस टक्के महाग वाटतात ते फक्त एकच पाकीट डोळ्यांसमोर असतं म्हणून.

दुकानदार वीस टक्के का मागतो, हेही त्याच्या बाजूनं बघायला हवं. बिस्किटांवर तो आठ टक्क्यांवर खूश असतो, मग आमच्याच मसाल्यावर वीस कशाला, अशी तक्रार भोसरीपासून धायरीपर्यंत ऐकू येते. त्याचा हिशेब पैसा किती वेळा फिरतो याचा आहे. बिस्किटांत गुंतवलेले हजार रुपये महिन्यात चार वेळा फिरतात. आठ टक्क्यांनी ३२० सुटतात. नव्या मसाल्यातले हजार रुपये महिन्यातून एकदा फिरले तर वीस टक्क्यांनीही २०० च सुटतात. वर दीडशे चौरस फुटांच्या दुकानात फळी अडते ती वेगळीच. म्हणजे वीस टक्के देऊनही नवा मसाला त्याच्यासाठी बिस्किटापेक्षा गरीबच असतो. तो ठेवतो ते कधी ओळखीखातर, कधी गिऱ्हाईकानं दोनदा विचारलं म्हणून. दुकानदाराशी टक्केवारीवर घासाघीस करत बसण्यापेक्षा त्याला कमी माल द्यावा, हे आमचं ठाम मत. हजाराऐवजी तीनशेचा माल द्या, दर आठवड्याला या. त्याचा पैसा फिरायला लागला की टक्क्यांचं बोलणं आपोआप निवळतं.

वितरकाचंही असंच. त्याचा टेम्पो, ड्रायव्हर आणि पेट्या उतरवणारा पोरगा मिळून दिवसाचा खर्च अडीच हजार धरला आणि चाळीस दुकानं केली, तर एका दुकानामागे बासष्ट-त्रेसष्ट रुपये पडतात. तुमच्या मसाल्याचं बिल तीनशेचं असेल तर त्यातले वीस टक्के टेम्पोतच जिरले. त्याला मिळणार आठ. म्हणून तो एकट्या तुमच्यासाठी टेम्पो काढत नाही. त्यात साबण असतो, चहा असतो, डास मारायच्या कॉइल असतात आणि कोपऱ्यात तुमच्या दोन पेट्या. टेम्पो ही त्याची पिशवी. "एक्स्क्लुझिव्ह वितरक हवा" असा हट्ट धरणारा छोटा कारखानदार तीनशेच्या बिलासाठी अख्खा टेम्पो मागत असतो.

किराण्यापलीकडे गेलं की दुकानदाराचं काम आणखी वेगळं दिसतं. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विजेच्या वायरचं भेंडोळं येतं ते बहुधा नव्वद मीटरचं. घरात गीझरची एक लाइन ओढायला लागते अकरा मीटर. कारखान्याला अकरा मीटर विकणं परवडत नाही आणि इलेक्ट्रिशियनला नव्वद मीटर घेणं परवडत नाही. दुकानदार मोजून कापतो, उरलेलं भेंडोळं स्वतःच्या अंगावर घेतो आणि शेवटी राहिलेला सहा मीटरचा तुकडा कधी खपेल याची वाट बघतो. शिवाय संध्याकाळी सहा वाजता भिंत फोडून बसलेल्या माणसाला सोळा अँपिअरचा सॉकेट आत्ता हवा असतो. परवा येणारा सॉकेट दहा टक्के स्वस्त असला तरी त्याच्या दृष्टीनं फुकट.

रंगाच्या दुकानात तर वस्तू अर्धी तिथेच बनते. कारखान्यातून येतो तो बेस: एक, चार, दहा, वीस लिटरचे डबे. दुकानातलं मशिन शेडकार्डातला नंबर टाकला की त्यात थेंबाथेंबानं रंगद्रव्यं सोडतं आणि डबा घुसळून देतं. त्यामुळे हजारो छटा विकताना डबे मात्र मोजक्या प्रकारचे ठेवावे लागतात. एकदा छटा मिसळली की तो डबा परत घेता येत नाही. म्हणून शहाणा दुकानदार आधी एक लिटर मिसळून भिंतीवर हात मारून बघायला सांगतो. आपल्याकडे एशियन पेंट्सनं मधला घाऊक व्यापारी गाळून माल थेट दुकानदाराला द्यायची पद्धत बसवली. कंपनीनं काय गाळलं आणि काय ठेवलं, हे बघण्यासारखं आहे. घाऊक व्यापाऱ्याचं काम गोदाम, ट्रक आणि मागणीचा अंदाज यांनी उचलता आलं. दुकानदाराचं आलं नाही.

दुकानाशिवाय चालतं असंही पुष्कळ आहे. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये दाबून काढलेला ब्रॅकेट चाकणच्या वाहन कारखान्यात थेट जातो. गिऱ्हाईक एक, माल रोजचा, ड्रॉइंग ठरलेलं. मधे दुकान घालणं वेडेपणाचं होईल. त्याच भोसरीतला साधा नट-बोल्ट घरगुती वापरासाठी निघाला की रविवार पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मुठीमुठीनं विकला जातो. फरक पडतो तो घेणारे किती आणि एका वेळी घेतात किती यानं.

युरेका फोर्ब्सनं १९८२ पासून व्हॅक्यूम क्लीनर दारोदार जाऊन विकले, कारण गालिच्यातली धूळ काढून दाखवल्याशिवाय ती वस्तू कशासाठी आहे हेच कळत नव्हतं. महाग वस्तू, घरात प्रात्यक्षिक, मागाहून सर्व्हिस. एका विक्रीतून विक्रेत्याची फेरी निघत होती. पुढे लोकांना वस्तू माहीत झाली आणि कंपनीचा माल दुकानांतही दिसू लागला. अमेरिकेत डेलनं १९८४ पासून संगणक थेट विकून नाव कमावलं आणि २००७ मध्ये वॉलमार्टच्या फळीवर माल ठेवला. नायकेनं २०१९ मध्ये ॲमेझॉन सोडलं, किती तरी दुकानांचा माल बंद केला, सगळा जोर स्वतःच्या ॲपवर आणि स्वतःच्या दुकानांवर लावला. २०२३ मध्ये तीच कंपनी मेसीज्सारख्या दुकानांत परत आली. एवढा पैसा आणि एवढं नाव असूनही बूट घ्यायला निघालेल्या माणसाला चार कंपन्यांचे बूट शेजारी ठेवून बघायचे असतात, हे काही बदलता आलं नाही.

पुण्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण चितळ्यांचं. पेढा-बर्फी त्यांच्या स्वतःच्या दुकानातून आणि फ्रँचायझीतून जाते, बाकरवडीचं पाकीट मात्र कोपऱ्यावरच्या किराण्यातही मिळतं. यात प्रतिष्ठेपेक्षा टिकण्याचा भाग मोठा आहे, असं आम्हाला वाटतं. दुधाची मिठाई थोडे दिवस टिकते. ती दुसऱ्याच्या फळीवर ठेवली तर रोज किती उरली, फ्रीज चालू होता का, जुनी पुढे लावली का, हे सगळं दुसऱ्याच्या भरवशावर. सुट्या मिठाईच्या ट्रेवर "बेस्ट बिफोर" लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून आलं तेव्हापासून तर हा भार आणखीच उघड झाला. बाकरवडी बंद पाकिटात पुष्कळ टिकते, म्हणून ती परक्या फळीवर सुखानं बसते. आपला माल किती दिवस टिकतो, हे ज्याला पक्कं माहीत आहे त्याला तो कुठून विकायचा याचं अर्धं उत्तर मिळालेलं असतं.

गोडा मसाला इथेच दगा देतो. त्यात खोबरं आणि तीळ, दोन्ही तेलाचे. नुसती मिरची पूड किंवा हळद ज्या पाउचमध्ये आरामात राहते, त्यात गोडा मसाला तीन-चार महिन्यांत खवट वास मारायला लागू शकतो. दुकान पश्चिमेच्या तोंडाचं असेल आणि पाकिटं दर्शनी लडीवर टांगली असतील, तर त्याहून लवकर. उपाय तीन. खोबरं नीट कोरडं भाजून, पूर्ण गार करून मगच कुटायचं. मसाला गरम असतानाच पाकिटात भरला तर आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. पाउच साध्या पॉलिथिनचा नको, ॲल्युमिनियम फॉइलचा थर असलेला तीन पदरी घ्यायचा. पाकिटामागे दीड-दोन रुपये जास्त जातील, जाऊ द्यावेत. आणि सीलिंग मशिनच्या जबड्यात मसाल्याची पूड अडकू द्यायची नाही. सीलच्या रेषेत कणभर पूड राहिली तरी तिथून हवा शिरते. पाकीट दाबून बघितल्यावर हळूहळू बसलं तर ते बाजूला काढायचं. घरून थेट विकताना असं एखादं पाकीट गेलं तर एक गिऱ्हाईक दुखावतं. दुकानात गेलं तर दुकानदार दुखावतो आणि त्यामागे त्याची दोनशे घरं.

सुरुवात कशी करावी, हे विचारणाऱ्यांना एकच आग्रहानं सांगावंसं वाटतं: "पुणे" हे मार्केट समजू नये. सिंहगड रस्त्यावर वडगाव ते धायरी एवढा पट्टा घ्यावा, नाहीतर नुसतं सहकारनगर. पंचवीस-तीस दुकानं. प्रत्येकाला तीन प्रकारचे मसाले, थोडी थोडी पाकिटं. दहा प्रकार नेऊ नयेत. त्यातले सात पडून राहतात आणि चालणारे तीनही त्यांच्यासोबत बदनाम होतात. दर आठवड्याला ठरलेल्या वारीच जायचं, भले ऑर्डर मिळो न मिळो. वेळ सकाळी दहा ते एक. एक ते चार पेठांमधलं दुकान अजूनही डुलकी काढतं (यावर विनोद पुष्कळ झाले, सेल्समनचा दिवस मात्र खरोखर त्यानं कापला जातो) आणि सहानंतर काउंटरवर गिऱ्हाईक असताना ऑर्डरबुक काढलं तर शिव्या मिळतात. पेठेत टेम्पो न्यायचा असेल तर पार्किंगची सम-विषम तारीख बघून. पेटी उतरवेपर्यंत गाडी उचलली गेली तर त्या दिवसाचा नफा दंडात.

पहिल्या ऑर्डरीनं हुरळून जाऊ नये. ती भिडेखातर मिळते. दुसरी ऑर्डर कोणी दिली, किती दिवसांनी दिली, हे वहीत लिहायचं. तीन महिन्यांत तिसातल्या अठरा-वीस दुकानांनी न विचारता परत माल मागितला, तर वितरकाकडे जायला तोंड असतं. ती वहीच त्याच्यासमोर ठेवायची. त्याआधी गेलात तर तो तुमचा माल घेईल, गोदामात टाकेल आणि विसरेल. मोठ्या कंपन्यांतही हाच घोळ महिनाअखेरीला होतो. टार्गेट पूर्ण करायला वितरकाच्या गळ्यात माल मारला जातो, कागदावर विक्री दिसते, आणि पुढच्या महिन्यात तो एक पेटीही उचलत नाही. वितरकाला किती गेला हा आकडा फसवा; वितरकाकडून दुकानांत किती गेला तो बघायचा.

पाकिटावर काय हवं, हे तर सगळ्यांना माहीत असतं असं वाटतं, तरी माल परत येतो तो बऱ्याचदा तिथेच: उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसहित एमआरपी, ग्रॅममागे किंमत, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, तक्रारीसाठी फोन, अन्नसुरक्षा परवान्याचा (एफएसएसएआय) नंबर वगैरे. सुपरमार्केटला द्यायचं असेल तर जीएस वन इंडियाकडून घेतलेला ८९० नं सुरू होणारा बारकोड. तारीख शाईच्या शिक्क्यानं मारली तर तेलकट बोटांनी पुसली जाते, आणि तारीख दिसत नाही म्हणून दुकानदार पाकीट ठेवत नाही. पेटी बारा नगांची करावी, अठ्ठेचाळीसची नको. लहान दुकानदार अख्खी पेटी घेऊ शकला पाहिजे.

पैशाचं बोलणं आधीच करायचं. दुकानांत "बिल टू बिल" चालतं: नवा माल उतरला की मागच्या बिलाचे पैसे. हे बरं असतं, कारण अडकतं ते एकच बिल. वाईट ते "राहू द्या, पुढच्या वेळी बघू", आणि दोनदा तसं झालं की माल थांबवायचा, ओळख कितीही जुनी असो. मोठ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत कायदा थोडा आपल्या बाजूला आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या (एमएसएमई) विकासाच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. २०२३ च्या वित्त कायद्यानं प्राप्तिकरात आलेल्या तरतुदीमुळे त्या मुदतीत न दिलेली रक्कम घेणाऱ्याला, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये अचानक चेक निघतात. त्यासाठी उत्पादकाची उद्यम नोंदणी झालेली हवी आणि तो नंबर बिलावर छापलेला हवा. न छापता नंतर भांडणारे खूप.

आता पुन्हा थेट विक्रीकडे. ती करूच नये असं अजिबात नाही. दुकानाच्या वाटेनं गेलेला माल कोणी नेला, कोणाला तिखट लागला, कोणी बदलला, यातलं काहीच कारखान्याला कळत नाही. आमच्या मते वीस टक्क्यांपेक्षा हीच खरी किंमत आहे. थेट घेणारी पाच-पन्नास घरं असली की ती सांगतात. फक्त तिथे तेच पाकीट स्वस्तात लावायचं नाही. वेबसाइटवर १५ टक्के सूट टाकली की ती आधी दिसते दुकानदाराला. गिऱ्हाईकच फोन पुढे करून दाखवतं. पुढच्या आठवड्यात तुमची पाकिटं फळीवरून काउंटरखाली गेलेली असतात, तोंडानं कोणी काही बोलत नाही. थेटसाठी वेगळा माल काढावा: अर्धा किलोचा पॅक, परदेशी निघालेल्या मुलांसाठी सहा मसाल्यांचा खोका, लग्नाच्या रुखवतात ठेवायची बरणी. जिथे फेरीचा खर्च निघतो तिथे दुकानदाराशी भांडणही होत नाही.

काही मिनिटांत घरी देणाऱ्या ॲपमुळे हे सगळं बदललं, असं म्हणतात. तेही दुकानच आहे, फक्त काउंटर नाही. गल्लीबोळातलं गोदाम, त्यात काही हजार वस्तू, आणि पोरगा घेऊन निघतो ती पिशवी. पिशवी लहान असली की तेही बऱ्याचदा वर वेगळे पैसे लावतात, कारण फेरीचं गणित त्यांनाही सुटलेलं नाही. छोट्या कारखानदाराला तिथे किराणा दुकानापेक्षा जास्त मोजावं लागतं. वरच्या ओळीत दिसायचे पैसे निराळे. वाण्याकडे निदान "ते संपलंय, हे नेऊन बघा, नाही आवडलं तर परत आणा" एवढं म्हणणारा माणूस असतो. हे वाक्य तुमच्या पाकिटासाठी म्हटलं गेलं की महिन्याची जाहिरात फुकट झाली. तुमचा माल वेळेवर पोचला नाही की तेच वाक्य शेजारच्या ब्रँडसाठी म्हटलं जातं.

दिवाळीच्या आधी याची खरी परीक्षा होते. चकलीची भाजणी वर्षभर चार पाकिटं जाते आणि त्या तीन आठवड्यांत पेट्यांनी. दुकानात ती घटस्थापनेच्या सुमारास पोचलेली हवी, म्हणजे तांदूळ आणि डाळींची खरेदी गणपतीतच व्हायला हवी, पाउचची छपाई त्याच्याही आधी. दुकानदार आगाऊ पैसे देत नाही. "ठेवून जा, खपली तर बघू" म्हणतो, आणि त्याच्या जागी कोणीही तेच म्हणेल. जास्त ठेवावी तर उरते, कमी ठेवावी तर धनत्रयोदशीला फळी रिकामी आणि शेजारच्या ब्रँडची चकली घराघरात. गेल्या वर्षी त्या दुकानात किती गेली ते वहीत असेल, तर तेवढी अधिक एक डझन, यापलीकडे सूत्र नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, दुकानदार स्टुलावर चढून उरलेली पाकिटं खाली काढतो, मोजतो, आणि खिशातून फोन काढतो.